विश्लेषण : ‘मिस्टर इंडिया’ डिस्कवर एवढा धुरकट का दिसतो?

गणपतीच्या आधीची साफसफाई निघाली की वसई-विरारच्या अनेक घरांत माळ्यावरून एक खोके खाली येते. आत व्हीसीडी, डीव्हीडी. त्यातली ‘मिस्टर इंडिया’ हौसेने नव्या ५५ इंची टीव्हीवर लावली जाते आणि पाच मिनिटांत बंद होते. चेहरे पुसट, लाल रंग ओघळलेला, आवाज चिरका. ‘तेव्हाचे सिनेमे असेच होते,’ असे म्हणून खोके भंगारात जाते. पण यात दोष सिनेमाचा किती, डिस्कचा किती आणि टीव्हीचा किती?

लाल रंगच का बिघडतो?

शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. विज्ञानकथा आणि विनोद यांचे असे मिश्रण हिंदीत तेव्हा दुर्मीळ होते, आजही आहे. वडिलांनी लावलेल्या शोधातून नायकाला अदृश्य होण्याचे यंत्र मिळते, पण लाल प्रकाशात तो दिसतो. सगळी गंमत आणि सगळा धोका या एका अटीवर उभा आहे. दुर्दैव असे, की डिस्कवर सर्वांत आधी बिघडतो तो नेमका लाल रंग.

माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तेवढा नाही. याचा फायदा घेऊन डिस्कवर चित्राची उजळता पूर्ण तपशिलाने साठवतात आणि रंगाची माहिती एक चतुर्थांश ठेवतात. म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. एरवी हे खपून जाते. पण शुद्ध लाल रंगाची उजळता पांढऱ्याच्या जेमतेम ३० टक्के असते. काळोखात लाल उजेडात उभ्या माणसाची कड दाखवण्याचे काम उजळतेकडून होत नाही, ते रंगाच्या त्या अपुऱ्या माहितीवर येऊन पडते. कड विरघळते. लाल रंग शेजारच्या काळ्यात सांडतो.

त्यात जुना प्लेअर टीव्हीला जोडलेला असतो पिवळ्या पिनच्या वायरने. या एकाच वायरमधून उजळता आणि रंग एकत्र जातात. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्यात लाल आणखी पसरतो. निळ्याचे हाल त्याहून वाईट, कारण त्याची उजळता ११ टक्क्यांच्या आसपास. श्रीदेवीच्या त्या गाजलेल्या निळ्या शिफॉन साडीच्या चुण्या व्हीसीडीवर कुणाला दिसल्या असतील, तर ती आठवणीची करामत समजावी.

व्हीसीडी आणि डीव्हीडीत फरक किती?

दोन्ही चकत्या सारख्याच आकाराच्या, म्हणून घरात दोन्हीला ‘सीडी’च म्हणतात. आतला फरक मोठा आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे साधारण एक लाख ठिपके. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त. ब्ल्यू-रेवर २० लाखांवर. आणि समोरच्या फोर-के टीव्हीवर तब्बल ८३ लाख ठिपके आहेत. व्हीसीडीचा एक ठिपका या टीव्हीला सुमारे ८० ठिपक्यांवर ताणावा लागतो. रंगाचा एक ठिपका तर सव्वातीनशेवर. २१ इंची जुन्या टीव्हीवर हेच चित्र ‘क्लिअर’ वाटायचे, ते उगीच नव्हे.

दुसरी अडचण जागेची. व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावतात, म्हणून तीन तासांच्या आसपासच्या सिनेमाला तीन चकत्या लागत आणि मोगॅम्बो ऐन रंगात असताना उठून डिस्क बदलावी लागे. शिवाय चित्रासाठी सेकंदाला १.१५ मेगाबिट एवढीच माहिती मिळते. डीव्हीडीला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असते. धूर, स्फोट, पळापळ आली की व्हीसीडीला ती माहिती पुरत नाही आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात. मात्र डीव्हीडी म्हटली की चित्र चांगलेच, असेही नाही. एका डिस्कमध्ये तीन-तीन सिनेमे कोंबले की तिची व्हीसीडीच होते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली आणि अस्सल डिस्क सामान्यांच्या आवाक्यात आली. तोवर अनेक घरांत पोहोचली होती ती कॉपीची कॉपी.

आवाजाचे काय?

आवाजाच्या बाबतीत व्हीसीडी उगाच बदनाम आहे. तिच्यावर ध्वनीसाठी सेकंदाला २२४ किलोबिट ठेवलेले असतात. चित्राच्या मानाने ही वागणूक बरीच उदार म्हणायची. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा वाद्यमेळ आणि अमरीश पुरी यांचा खर्ज त्यात बऱ्यापैकी तरतो. आज आवाज चिरका येतो त्याचे मोठे कारण सपाट टीव्हीचे मागच्या बाजूला बसवलेले चिमुकले स्पीकर. साधा बाहेरचा स्पीकर जोडला तरी फरक कळतो.

एक गोष्ट मात्र पेटी वाजवणाऱ्यांच्याच लक्षात येते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, पाल व्हिडीओ २५ ने. अनेकदा सिनेमा सरळ चार टक्के वेगाने पळवून हा मेळ घालतात. तीन तासांचा सिनेमा मग १७३ मिनिटांत संपतो आणि गाण्याचा सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. गाणे काळी एकमध्येही बसत नाही आणि पांढरी दोनमध्येही नाही. डिस्कचा वेळ कमी दिसला म्हणजे प्रसंग कापले, असा निष्कर्ष त्यामुळे लगेच काढू नये.

मूळ सिनेमा किती स्पष्ट आहे?

३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीच्या कितीतरी पट तपशील असतो. ‘मिस्टर इंडिया’च्या वेळी संगणकीय करामती हाताशी नव्हत्या. पीटर परेरा यांनी विशेष दृश्ये कॅमेऱ्याच्याच युक्तीने साधली आणि मूळचे गोव्याचे वामन भोसले व गुरुदत्त शिराळी यांनी संकलन केले. हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते, त्या प्रसंगातला विनोद अचूक क्षणी कापलेल्या दृश्यांवर चालतो. तो धुरकट डिस्कवरही शाबूत राहतो, हे संकलकांचे श्रेय.

निगेटिव्ह जपली तर काय होते, हे १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ने दाखवले. तीही विज्ञानकथा, तीही विनोदी. २००२ मध्ये या मालिकेच्या डीव्हीडी आल्या तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात काही दृश्यांची चौकटच चुकली होती आणि ग्राहकांना डिस्क बदलून द्याव्या लागल्या. २०२० मध्ये तीच मालिका फोर-के डिस्कवर आली. आपल्याकडे कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ २०१२ मध्ये दुरुस्त प्रतीसह पुन्हा चित्रपटगृहांत लागला. तपशील वाढला की अडचणही येते. धूसर चित्रात लपलेल्या तारा आणि दोरे उघडे पडू शकतात. ते पुसावेत की राहू द्यावेत, यावर जाणकारांत एकमत नाही. पण ते माणसांनी हाताने केलेले काम आहे, ते दिसले तर बिघडले कुठे?

खोक्यातल्या डिस्क टाकाव्यात का?

लगेच नको. आधी टीव्हीचे चित्र ४:३ वर ठेवून पाहावे. ताणलेले चेहरे हा बहुतेक वेळा सेटिंगचा दोष असतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. प्लेअरला एचडीएमआय असेल तर पिवळी पिन काढून तीच वायर लावावी.

वसईच्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कवर बुरशी धरते आणि प्लेअरची लेन्स धुरकटते. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. व्हीसीडीची चमकती बाजू सगळे जपतात, पण माहितीचा थर असतो छापील बाजूच्या अगदी खाली. तिथे पेनने नाव लिहिले किंवा चिकटवलेला कागद ओढून काढला की तो भाग कायमचा गेला. जुलै २०१८ सारखे पाणी घरात शिरले आणि डिस्क भिजल्या, तर चिखल वाळू न देता त्या स्वच्छ पाण्याखाली धुवाव्यात आणि उभ्या ठेवून सावलीत सुकवाव्यात. आतले छापील कागद मात्र आधी वेगळे करावेत, ते सुकताना डिस्कला चिकटतात.