कमी मागणारे घड्याळ

माझे स्मार्टवॉच चौदाव्या महिन्यात दुपारपर्यंतही तग धरेनासे झाले. सेवा केंद्रातील तरुणाने ते उलटून पाहिले आणि सौजन्याने सांगितले, ‘सर, यातली बॅटरी बदलून मिळत नाही. एवढ्याच किमतीत नवीन मॉडेल आले आहे, तेच घ्या.’ पडदा शाबूत होता, पट्टा शाबूत होता, आतील यंत्रणाही ठीक होती. थकली होती ती फक्त बॅटरी. पण ती आत चिकटवून टाकलेली असल्याने सारे घड्याळच निकामी ठरले. वॉरंटी अर्थातच बारा महिन्यांची होती.

नंतर मी जे घड्याळ घेतले ते वेळ, तारीख आणि पावले दाखवते, गजर लावते आणि फोन आल्याचे कळवते. त्याचा पडदा वर्तमानपत्राच्या कागदासारखा फिकट आहे. चार्जर मात्र पंधरा दिवसांतून एकदाच शोधावा लागतो. प्रवासाला निघताना एक वायर कमी बरोबर घ्यावी लागते, याचे समाधान आधी क्षुल्लक वाटले. हळूहळू लक्षात आले, की हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. एखादी वस्तू आपल्याकडून रोज काय मागते आणि किती वर्षे आपल्याजवळ टिकते, या दोन गोष्टी एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत.

अशा साध्या घड्याळांचे आकर्षण नवे नाही. २०१२ साली एरिक मिगिकोव्हस्की या तरुण कॅनेडियन अभियंत्याने ‘पेबल’ या घड्याळासाठी किकस्टार्टरवरून लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. जमा झाले एक कोटीहून अधिक. त्या घड्याळाला स्पर्शपडदा नव्हता, रंग नव्हते. चार बटणे होती आणि एकदा चार्ज केले की ते जवळपास आठवडाभर चाले. २०१५ मध्ये ॲपलचे पहिले घड्याळ आले, तेव्हा कंपनीने बॅटरीची मुदत १८ तास सांगितली होती आणि पुढील अनेक पिढ्यांत तोच आकडा कायम राहिला. बाजाराने झगमगाट निवडला. २०१६ च्या अखेरीस पेबल बंद पडली; तिची मालमत्ता फिटबिटकडे आणि फिटबिटबरोबर पुढे गूगलकडे गेली. तरीही वापरकर्त्यांनी ती घड्याळे टाकून दिली नाहीत. २०१८ मध्ये मूळ सेवा थांबल्यावर स्वयंसेवकांनी पर्यायी सेवा उभी केली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने या घड्याळाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि पाठोपाठ मिगिकोव्हस्की यांनी ३० दिवसांपर्यंत बॅटरी टिकण्याचा दावा करत नवी घड्याळे जाहीर केली. बंद पडलेली वस्तू अशी परतते, तेव्हा त्यामागे केवळ स्मरणरंजन नसते. मधल्या काळात ती गरज कोणी भागवलेली नसते.

ही घड्याळे इतकी का टिकतात, यात गूढ काही नाही. महागड्या घड्याळांतील ओएलईडी पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश निर्माण करतो आणि त्यासाठी वीज खातो. साध्या घड्याळाचा परावर्ती पडदा बाहेरचाच प्रकाश परतवतो आणि चित्र बदलेपर्यंत त्याला नाममात्र वीज लागते. म्हणूनच ज्या भर उन्हात फोनवरचे अक्षर दिसेनासे होते, तिथे हा पडदा अधिक स्पष्ट वाचता येतो. शेतात, बांधकामावर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांच्या देशात हा गुण दुय्यम मानला जावा, हे नवलच. उरलेली बचत नकारातून येते. सतत जागा असणारा माइक नाही, घड्याळातूनच बोलण्याची सोय नाही, दर मिनिटाला रक्तातील ऑक्सिजन मोजण्याचा आग्रह नाही.

आता थोडे गणित. लहान लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली, की तिची क्षमता मुळाच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज होणारे घड्याळ वर्षात ३६५ फेऱ्या संपवते. म्हणजे दीड वर्षाच्या आतच ते उतरणीला लागू शकते. पंधरवड्यातून एकदा चार्ज होणारे घड्याळ वर्षाला पंचवीस-सव्वीस फेऱ्याच वापरते. बॅटरी निव्वळ वयानेही झिजते, त्यामुळे ती वीस वर्षे टिकेल असे कोणी समजू नये. पण निदान चार्जिंगमुळे तिचा अकाली अंत होत नाही. बॅटरी बदलता येत नसेल, तर बॅटरीचे आयुष्य हेच घड्याळाचे आयुष्य. दुकानात ‘किती दिवस चालते’ असे विचारणारा ग्राहक नकळत ‘किती वर्षे टिकेल’ हेही विचारत असतो.

हा प्रश्न भारतात मोठा आहे, कारण आपली बाजारपेठच मोठी आहे. २०२२ मध्ये तिमाही विक्रीत भारत उत्तर अमेरिकेला मागे टाकून जगातील सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ बनला. आयडीसी या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारात उतरली. २०२४ मध्ये ती संख्या सुमारे साडेतीन कोटींवर घसरली. दोन हजार रुपयांच्या आत मिळणाऱ्या, मोठ्या पडद्याच्या आणि असंख्य सुविधांच्या घड्याळांची ही लाट होती. ती ओसरण्याची कारणे अनेक असतील. पण एकदा फसलेला ग्राहक दुसऱ्यांदा खिशात हात घालताना विचार करतो, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आता त्या कोट्यवधी बॅटऱ्यांचे काय होणार, हा प्रश्न घसरणीच्या आकड्यांत दिसत नाही.

बॅटरीचा भार कोणावर पडतो, याचे बोलके उदाहरण आपल्या शहरांतच आहे. चंडीगड, पंचकुला, नागपूर यांसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधण्यात आली. पाळतीविरुद्ध कामगारांनी आवाज उठवला, हे आपण वाचले. त्या तक्रारींत एक धागा चार्जिंगचाही होता. घड्याळ चार्ज करण्यासाठी घरी न्यावे लागते. मग पाळतही घरात येते. यंत्र बंद पडले तर हजेरीचे आणि पगाराचे काय, ही धास्ती वेगळीच. येथे एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. नुसती दीर्घ बॅटरी म्हणजे भले नव्हे. महिनाभर चालणारे घड्याळ महिनाभर पाळतही ठेवू शकते. दीर्घ बॅटरीला अर्थ येतो तो साधेपणामुळे. जे गोळाच केले नाही, त्याचा गैरवापर होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे पालन करण्याचा याहून स्वस्त मार्ग नसेल.

यावर आक्षेप असा, की लोकांना रंगीत पडदे हवे होते, कंपन्यांनी ते दिले. यात सरकारचे काय काम? परंतु सरकार या बाजारात केव्हाच उतरले आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात अंगावर वापरायच्या उपकरणांच्या देशी उत्पादनाला चालना देण्यासाठी सीमाशुल्काची टप्प्याटप्प्याची रचना जाहीर झाली. स्मार्टवॉच भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेतही येते. मात्र ती नोंदणी सुरक्षितता तपासते, टिकाऊपणा नव्हे. उत्पादनाला आपण प्रोत्साहन देतो आणि कचऱ्यासाठी २०२२ चे ई-कचरा नियम व बॅटरी कचरा नियम करतो. या दोन टोकांमधला वापराचा काळ मात्र धोरणाच्या नजरेतून निसटतो. ग्राहकाची निवड खरी ठरण्यासाठी त्याला माहिती लागते. आणि खोक्यावरचे ‘दहा दिवस’ कोणत्या सुविधा बंद ठेवून मोजले, हे त्याला कळत नाही.

उपाय अपरिचित नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये तारांकनाची योजना आणली आणि आज फ्रिज घेताना सामान्य कुटुंबही तारे मोजते. याच धर्तीवर घड्याळाच्या खोक्यावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक करता येईल : एकाच ठरावीक चाचणीनुसार एका चार्जिंगमध्ये मिळणारे दिवस, क्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंतच्या चार्जिंगच्या फेऱ्या, आणि बॅटरी बदलून मिळते का व किती रुपयांत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरकर्त्याला स्वतः काढता-बसवता याव्या लागतील. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये संकेतस्थळ सुरू केले आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी समिती नेमली. त्या निर्देशांकात मनगटावरच्या वस्तूला जागा मिळावी, एवढेच मागणे आहे.

१९६१ मध्ये बेंगळूरुला एचएमटीची घड्याळे बनू लागली, तेव्हा पहिल्या घड्याळांचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या घड्याळालाही रोज सकाळी चावी द्यावी लागे. तेही काही मागतच होते. पण बिघडले, तर कोपऱ्यावरचा घड्याळजी ते उघडू शके. अनेक घरांत ती घड्याळे आजही चालू आहेत. माझे चौदा महिन्यांचे स्मार्टवॉच मात्र टेबलाच्या खणात पडून आहे. भंगारवाल्याने ते हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. त्याच्याकडे ते उघडण्याचे साधन नव्हते.