पेला रसाचा, ताट जेवणाचे

नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटजवळच्या गावांत लौकी, कारली, पपई सहसा विकत आणावी लागत नाही. सांदवाडीत वेल असतो, दारात झाड असते. त्यात मोबाइलवर कुणीतरी ‘आठवडाभर फक्त रस’ असा उपाय सांगतो. माल घरचा, मिक्सरही घरचा, मग भीती कसली, असे वाटते. जेवणासोबत पेलाभर रस घेण्यात वावगे काही नाही. अडचण सुरू होते ती जेवणाच्या जागी रस आला की.

गैरसमज: घरची लौकी कडू असली तरी औषधीच.
वस्तुस्थिती: ही चूक जिवावर बेतू शकते. लौकीतला कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा आणि जून 2018 मध्ये पुण्यात एका महिलेचा कडू लौकीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. दिल्लीतल्या घटनेनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कडू रस अजिबात पिऊ नये, असे बजावले. या विषावर उतारा नाही आणि शिजवल्याने ते जाईल याची खात्री नाही. वेल घरचा, बियाणे घरचे, खत शेणाचे, तरी एखादे फळ कडू निघतेच. म्हणून चिरताना तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळे फळ फेका. मध, लिंबू किंवा दुसरा रस मिसळून चव झाकू नका. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ किंवा चक्कर सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा. कारल्याचा कडूपणा मात्र त्याच्या जातीचाच. लौकीला तो नियम लावू नये.

गैरसमज: रसाने शरीर आतून धुऊन निघते.
वस्तुस्थिती: ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतातच. उलट मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला पालेभाज्या आणि फळांच्या रसातले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते. कच्च्या पालकाचा रस रोज भरपूर प्यायल्यास त्यातले ऑक्झलेटही मूत्रपिंडांना बाधते.

गैरसमज: चार दिवसांत वजन उतरले, म्हणजे चरबी गेली.
वस्तुस्थिती: सुरुवातीला उतरते ते बरेचसे पाणी. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा संपतो आणि त्याला धरून राहिलेले पाणी निघून जाते. भात-वरण सुरू झाले की काटा परत वर सरकतो. पंचावन्न किलोच्या माणसाला रोज साधारण 45 ग्रॅम प्रथिने लागतात. लिटरभर रसातून दहा ग्रॅमही मिळत नाहीत. शेतावर राबणाऱ्याचे स्नायू त्यात झिजतात.

गैरसमज: फळातली साखर नैसर्गिक, म्हणून मधुमेहात चालते.
वस्तुस्थिती: एक संत्रे खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, पेलाभर रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा मागे राहतो. त्या पेल्यात वीसएक ग्रॅम साखर असते. फळांच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना मर्यादित ठेवायच्या साखरेतच मोजते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिकाही रसापेक्षा अख्खे फळ खा, असेच सांगते. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण बंद करून कारल्याचा रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

गैरसमज: बिटाच्या रसाने रक्त वाढते.
वस्तुस्थिती: रंग लाल असला तरी बिटात लोह थोडेच असते. शिवाय पूर्व विदर्भात अनेक घरांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हा जन्मजात आजार रसाने जात नाही. सिकलसेलच्या रुग्णाने उपाशी राहू नये, पाणी कमी पडू देऊ नये आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. लोहासाठी डाळी, पालेभाजी, मासळी खावी. जोडीला लिंबू किंवा आवळा घेतल्यास वनस्पतींतले लोह अंगी लागायला मदत होते.

तरीही रस घ्यायचा असेल तर भाजी स्वच्छ पाण्याने धुवा, रस न गाळता चोथ्यासकट ताजा प्या, साखर घालू नका आणि ताट नेहमीसारखेच वाढून घ्या. गरोदर बाई, लहान मूल आणि रोजची औषधे घेणाऱ्यांनी केवळ रसावर एक दिवसही काढू नये.