गॅसचा गिझर आणि न्हाणीघरातील हवा

वसंतातल्या उकाड्यात ऊन पाण्याचा विषय काढला म्हणून कोणी हसेल. परंतु भिंतीला भोक पाडायचे किंवा नळ फिरवायचा तर ते काम थंडीच्या घाईत करू नये, आजच ठरवावे. म्हणून गॅसवर चालणारा गिझर घरात कसा, आणि मुख्य म्हणजे कोठे बसवावा, याचा येथे विचार करू.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही गिझर घेतला तेव्हा तो न्हाणीघरातच लावला. बसविणाऱ्याने वर पाहिले, "खिडकी आहे ना? मग झाले," असे म्हटले व तो गेला. मार्गशीर्षात गार वारा येऊ लागला तेव्हा त्या खिडकीच्या फटींत आम्हीच वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. पुढे एके दिवशी शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेला भाचा स्नान करून बाहेर आला तो भिंत धरूनच. डोके ठणकत होते, मळमळत होते. "पित्त झाले असेल," म्हणून त्याला लिंबाचे सरबत दिले. चार दिवसांनी पुन्हा तसेच झाले. या खेपेस पाय लटपटून तो उंबऱ्यावरच बसला. कडी वेळेवर निघाली म्हणून निभावले. दोष पित्ताचा नव्हता, आमच्या वर्तमानपत्राचा होता.

गॅसचा धोका म्हणजे गळती, अशी बहुतेकांची समजूत असते. गळती नाक ओळखते. कारण सिलिंडरमधील गॅसला मूळचा वास नसला तरी मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. पण ते द्रव्य ज्योतीत जळून जाते. गॅस जळत असता त्याला हवा अपुरी पडली, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग भोवळ येते, पाय गळतात. कडी काढायची हे कळते, पण हात उचलत नाही.

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर १५० किलोकॅलरी उष्णता लागते. काही उष्णता वाया जाते हे धरून मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅस पुरता जळण्यास साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे हा लहानसा गिझर मिनिटाला सुमारे २०० लिटर हवेतील प्राणवायू संपवितो. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून हवा सुमारे ५,४०० लिटर. दारे-खिडक्या घट्ट लावून दहा मिनिटे गिझर चालविला, तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवा निकामी झाली! कोणी म्हणेल, स्वयंपाकाची शेगडी तर तासभर जळते. खरे, पण शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट गॅस गिझर जाळतो, आणि स्वयंपाकघराला कोणी आतून कडी लावीत नाही.

हा दोष जुनाच आहे. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसचा बंब काढला व त्याला आइसलंडमधील उसळत्या उष्ण झऱ्याचे 'गेसिर' हे नाव दिले. त्या बंबाला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडील अनेक न्हाणीघरांत तीच चूक चालू आहे.

यावरून मुख्य नियम असा की, धूरनळी नसलेला गिझर न्हाणीघरात बसवूच नये. तो उघड्या बाल्कनीत लावावा आणि ऊन पाण्याची नळी तेवढी आत आणावी. बाल्कनी काचांनी बंद केलेली असेल, तर तीही खोलीच समजावी. बाहेर जागाच नसेल, तर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त गिझर घ्यावा. धूरनळीचे तोंड कोणत्याही खिडकीजवळ, शेजाऱ्याच्याही, येऊ देऊ नये. केवळ पंख्याच्या भरवशावर राहू नये. वीज गेली की तो थांबतो, आणि कधी कधी नळीतला धूर तोच उलटा आत ओढतो.

सिलिंडर बाहेर, उभा व जमिनीच्या वर ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. सांधे तपासावयाचे ते साबणाच्या फेसाने, काडी ओढून कदापि नव्हे. नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरचा गिझर तसाच त्यावर जोडू नये. आय.एस.आय. चिन्ह पाहावे, ज्योत विझताच गॅस बंद करणारी योजना आहे ना हे विचारावे, आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून बर्नर साफ करून घ्यावा. निळी ज्योत पिवळी झाली वा काजळी धरली, तर गिझर बंद ठेवावा. ज्योत निळी आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नये.

गिझर हलवीपर्यंत काय करावे? दार उघडे ठेवून बादल्या भराव्या, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानास जावे. आतला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर संकोच न करता दार फोडावे, गॅस बंद करावा, त्याला मोकळ्या हवेत आणावे व ताबडतोब रुग्णालयात न्यावे. उपचार प्राणवायूचा आहे, सरबताचा नव्हे.

आमचा गिझर आता बाल्कनीत आहे. नळी लांब झाली, पहिला तांब्याभर पाणी गार येते, यापलीकडे काही गैरसोय नाही. घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने एकदा न्हाणीघरात उभे राहून वर पाहावे, आणि या ज्योतीला हवा कोठून मिळते, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.