ठिणगीची वेळ का चुकते?

२० वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची थांबली. हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून रस्त्यावर आहेत. घाट चढताना तिचं १०८९ सीसीचं इंजिन खणखणू लागलं किंवा पिकअप गेला, की ‘टायमिंग हललंय’ असं म्हणत डिस्ट्रिब्युटर सैल करून थोडा फिरवला जातो. आवाज थांबतो, गाडी घरी जाते. पण टायमिंग का हललं, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

प्लगवर ठिणगी पडली म्हणून सिलिंडरमधलं सगळं मिश्रण त्याच क्षणी पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते. त्याला दोन मिलिसेकंद लागतात असं धरू. मिनिटाला ८०० फेरे असतील तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट जेमतेम १० अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तब्बल ३६ अंश. पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १०-१५ अंश पुढे गेल्यावर दाब सर्वाधिक असला, तर ताकद पुरेपूर मिळते. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजनं हेच काम करतात: वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते.

ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि नॉकिंग ऐकू येतं. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो. ठिणगी उशिरा पडली, तर ताकदीऐवजी उष्णता सायलेन्सरकडे आणि रेडिएटरच्या पाण्यात जाते. गाडी तापते, ओढत नाही, अ‍ॅव्हरेज घसरतं.

तपासणी पॉइंटपासून सुरू करावी. पॉइंट उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून झिजते. झीज वाढली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. म्हणून आधी फिलर गेजनं गॅप आणि मगच टायमिंग. क्रम उलटा केला, तर गॅप नीट करताच लावलेलं टायमिंग पुन्हा सरकतं.

मग टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला जोडावी. व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचं तोंड बंद करावं. प्रत्येक ठिणगीला दिवा लुकलुकतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दिसते. खूण थरथरत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलेला किंवा टायमिंग चेन सैल असू शकते. रेस दिल्यावर खूण सरकलीच नाही, तर वजनं गंजून अडकली असणार. एकदम उडी मारून सरकली, तर स्प्रिंग तुटली किंवा ढिली झाली असावी. नळी तोंडानं ओढून पाहावी. ओढ धरून राहत नसेल, तर व्हॅक्यूमचा पडदा फाटला आहे. याच प्रकाशात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसतो, त्यामुळे हात आणि सैल कपडे दूर ठेवावेत.

खुणेचीही खात्री करावी. रबराच्या जोडाची पुली असेल, तर तिचं बाहेरचं कडं घसरून खूणच खोटी पडते. इंजिन बंद असताना पिस्टन खरोखर वर आला की खूण जागेवर येते का, हे प्लगच्या भोकातून पाहावं.

एवढं झाल्यावरच डिस्ट्रिब्युटरला हात लावावा. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून तो एक अंश हलवला की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. कंपनीच्या पुस्तकातला आकडा हेच उद्दिष्ट असावं, आवाज थांबणं नव्हे. झिजलेला पॉइंट किंवा स्प्रिंग बदलायला फारसा खर्च येत नाही; त्यांची चूक डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकत राहिलं, तर किंमत पिस्टनला मोजावी लागते.