मोबाईलवरील इशारा वाचावा कसा?

पातूरच्या बाजारपेठेत किराणा दुकानदारापासून वेल्डिंगच्या कारागिरापर्यंत अनेकांचा व्यवहार आता मोबाईलवर आला आहे. उधारीची वही, बँकेचे संदेश, गिऱ्हाइकांचे नंबर, नमाजच्या वेळा, सारे एकाच यंत्रात. त्यामुळे नवे अ‍ॅप घेताना पडद्यावर येणारा इशारा ही व्यापारी बांधवांसाठी किरकोळ बाब राहिलेली नाही.

गुगलच्या प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप घेतले की, ते अनोळखी ठिकाणचे असून आपल्या माहितीस धोका होऊ शकतो, अशा अर्थाची सूचना येते. एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालणारे खुल्या अ‍ॅप्सचे मोफत भांडार आहे. तेथील अ‍ॅपची मूळ रचना कोणाही जाणकारास तपासता येते आणि जाहिराती वा पाळत आढळल्यास तशी नोंद केलेली असते. तरीही ते घेताना ही सूचना येतेच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहनाचे चलान' म्हणून आलेली लबाडीची एपीके फाईल उघडतानाही तीच येते. पोत्यावर ओळखीच्या अडत्याचे नाव नाही, एवढेच ती सांगते. आतला माल कसा, ते आपणच पाहायचे.

सूचना आली नाही म्हणजे माल चोख, असेही नव्हे. 'मुस्लिम प्रो' हे नमाजच्या वेळा व किब्ला दाखविणारे अ‍ॅप प्ले स्टोअरवरच होते आणि कोट्यवधी मोबाईलवर गेले होते. ते वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जात होती व त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते, असे नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील 'मदरबोर्ड'ने उघड केले. अ‍ॅपच्या चालकांनी लष्कराला थेट माहिती विकल्याचा इन्कार केला, पण एक्स-मोडशी संबंध तोडल्याचेही जाहीर केले. वास्तविक नमाजची वेळ काढण्यास शहराचे नाव पुरते; माणूस कोणत्या गल्लीत उभा आहे, हे कशाला हवे?

तेव्हा खरी पाहण्याची गोष्ट म्हणजे परवानग्या. उधारीच्या वहीने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तर बँकेचा ओटीपीही तिच्या हाती जातो. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली तर सरळ नकार द्यावा. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच त्यास मनाई केली आहे.

आणखी एक. अँड्रॉइड ८ पासून बाहेरचे अ‍ॅप बसविण्याची मुभा ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप अशा प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते. एफ-ड्रॉइड बसविण्यासाठी ब्राउझरला दिलेली मुभा काम होताच सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. व्हॉट्सअ‍ॅपला तर ती देऊच नये. फसवणूक होऊन खात्यातून रक्कम गेलीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे.