शेवटचे चार हात

खाडीच्या मुखाशी गळाची काठी घेऊन उभा राहणारा मनुष्य काठीची पारख करतो, रिळाची चिकित्सा करतो, आमिषाविषयी तर चार जाणत्यांशी हिरिरीने वादही घालतो. परंतु मासा आणि आपला हात यांच्यामधला एकमेव दुवा जी दोरी, तिच्या बाबतीत मात्र तो दुकानातल्या वेष्टनावर छापलेल्या आकड्यावर निःशंकपणे विसंबतो. ‘तीस पौंड’ ही अक्षरे त्याला सरकारी दाखल्याइतकी निर्णायक वाटतात. वस्तुतः तो आकडा कोऱ्या, गाठ न मारलेल्या आणि पुष्कळदा कोरड्याच तपासलेल्या दोरीचा असतो. कालवांनी मढलेल्या खडपाशी झुंजणारी दोरी ओली असते, तिच्या अंगावर निदान दोन गाठी असतात आणि मागच्या तासाभरात ती दगडाला घासून आलेली असते. एवढी वजावट झाल्यावर जे शिल्लक राहते तेच तिचे खरे बळ. आणि ते बहुधा गरीजवळच्या शेवटच्या चार हातांत ठरते.

मुख्य दोरी एका जातीची आणि गरीजवळचा तुकडा दुसऱ्या जातीचा ठेवण्याची रीत जुनी आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघाले, त्या काळी मुख्य दोरी रेशमाची वा तागाच्या जातीच्या धाग्याची असे आणि पुढचा पारदर्शक तुकडा रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तंतूचा असे. तो कोरडा असताना इतका ठिसूळ की भिजवून मऊ केल्यावाचून त्याला गाठ मारता येत नसे. १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी नायलॉन सिद्ध केला, १९३८ साली कंपनीने तो जाहीर केला, आणि पुढे त्याच्या एकेरी तंतूने त्या साऱ्या नाजूक सरंजामाला बेदखल केले. कोकणात सर्रास तंगूस म्हणतात तो हाच.

आज खाडीवर तीन द्रव्यांचा अंमल चालतो, आणि तिन्हींचे गुण परस्परांहून भिन्न आहेत. नायलॉन स्वस्त, मऊ आणि ताणला जाणारा. अचानक बसणारा हिसका तो आपल्या अंगावर घेतो, परंतु तो पाणी पितो आणि भिजला की त्याचे बळ शेकडा दहा-पंधराने उतरते. म्हणूनच विक्रमांची नोंद ठेवणारी, १९३९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना विक्रमी माशाच्या दोरीचे बळ ती ओली करूनच मोजते. दुसरी विणीची दोरी, जिला बाजारात ब्रेड म्हणतात. ती अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिएथिलीनची असून जवळजवळ ताणलीच जात नाही. त्यामुळे माशाचे नुसते हुंगणेही बोटाला कळते. पी.ई. दोन या मापाची अशी दोरी सुमारे ०.२३ मिलिमीटर जाड असून तीस पौंडांच्या आसपास बळ दाखवते, तर तेवढ्याच बळाच्या नायलॉनला दुपटीहून अधिक जाडी लागते. बारीक असल्यामुळे ती वाऱ्यात दूर जाते आणि प्रवाहात कमी वाहते. मात्र दगडाच्या धारेवर ताणलेली असताना तिचा निभाव क्षणभरही लागत नाही. तिसरा फ्लुओरोकार्बन. त्याची घनता नायलॉनच्या दीडपटीहून अधिक, म्हणून तो बुडतो. तो पाणी जवळजवळ शोषतच नाही. आणि त्याचा अपवर्तनांक १.४२, म्हणजे नायलॉनच्या मानाने पाण्याच्या १.३३ या अंकाला अधिक जवळचा असल्याने तो पाण्यात कमी दिसतो. अर्थात, पावसाळ्यानंतर खाडीचे पाणी चहाच्या रंगाचे झालेले असताना या अदृश्यतेची किंमत मोजण्यात फारसा अर्थ नाही. तेथे जाड नायलॉनही चाकरी नीट बजावतो. खडपावरून नितळ पाण्यात गळ टाकणाऱ्याने मात्र तो खर्च अवश्य करावा.

गरीजवळचा हा पुढचा तुकडा, म्हणजे लीडर, कोणता घ्यावा हे मासा ठरवतो, आणि याचा उत्तम दाखला जिताड्याचा. त्याच्या तोंडात कापणारे दात नसतात, तर कानशीसारखा बारीक खरखरीत दातांचा थर असतो. पण कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. गरी लागताच तो पाण्याबाहेर उसळतो, कल्ले फाकवून मस्तक डावी-उजवीकडे झिंजाडतो आणि प्रत्येक झटक्यासरशी लीडर त्या कडेवरून फिरतो. अशा वेळी मुख्य दोरी तीस पौंडांची असूनही लीडर चाळीस ते साठ पौंडांचा का घेतात, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर असे की ही जादा जाडी ओढीसाठी नसून झिजेसाठी आहे: वरचा थर खरवडला गेला तरी आतला शाबूत राहावा, अशी ती बेजमी होय. कांदळवनाच्या मुळांत घुसणाऱ्या तांबोशीलाही हाच न्याय लागू. सुरमई आणि वाकटी यांचे दात मात्र कात्रीसारखे. तेथे कितीही जाड तंगूस लावला तरी तो तुटतो, म्हणून वीतभर पोलादी तार जोडणे प्राप्त आहे. उलट बोयीसारख्या चिकित्सक माशापुढे पाव मिलिमीटरचा तुकडाही जाड ठरू शकतो. लांबीचे म्हणाल तर दीड-दोन मीटर, म्हणजे आपले चार हात, सामान्यतः पुरतात.

आता गाठीचा मामला. विणीची दोरी एवढी गुळगुळीत असते की साधी गाठ तिच्यावर सरकून सुटते. म्हणून लीडरशी जोडताना एफ्.जी. नावाची गाठ मारतात, जिच्यात ब्रेडचे वेढे लीडरभोवती आळीपाळीने वरून-खालून घालून आवळतात आणि लीडरला स्वतःला कोठेही मोड पडत नाही. परिणामी जोड बारीक राहतो व काठीच्या कड्यांतून अडखळल्याशिवाय निघून जातो. ही गाठ अंधारात, वाऱ्यात, होडीच्या हेलकाव्यात जमत नसेल त्याने दुहेरी युनी गाठ मारावी. नीट मारलेली साधी गाठ अर्धवट साधलेल्या उत्तम गाठीपेक्षा केव्हाही भरवशाची. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने तंतू तेथल्या तेथे कमजोर होतो. रिळाच्या पोटाशीही आधी थोडा नायलॉन गुंडाळून मगच ब्रेड भरावी, नाहीतर ओढ बसताच सगळी गुंडाळीच आसाभोवती फिरू लागते. ड्रॅग, म्हणजे ओढ बसल्यावर दोरी सोडणारा रिळाचा रोध, दोरीच्या बळाच्या चौथाईवर, म्हणजे तीस पौंडांच्या दोरीला सुमारे साडेतीन किलोवर ठेवावा. उरलेली तीन चतुर्थांश शक्ती हिसका, गाठ आणि झीज यांच्या खर्ची पडते.

निगा म्हणजे मुख्यतः तपासणी. प्रत्येक माशानंतर आणि गळ खडपाला अडकून सुटल्यावर दर वेळी शेवटचा हातभर तुकडा ओठांच्या चिमटीतून ओढून पाहावा. बोटाला न कळणारा चरा ओठाला तत्काळ कळतो. चरा लागला, दुधाळ डाग दिसला, वा तंतू मुरगळलेला भासला, की तेवढा भाग कापून गरी पुन्हा बांधावी, आणि लीडर हातभरच उरला की नवा जोडावा. ही काटछाट जिवावर येणारा गृहस्थ दोन रुपयांचा तंगूस वाचवतो आणि मासा गरीसकट घालवतो. घरी आल्यावर ड्रॅग आवळून रिळावर गोड्या पाण्याची मंद धार सोडावी. जोराच्या धारेने मीठ आत रेटले जाते. मग ते सावलीत वाळवावे, आणि सामान उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे नायलॉनला हळूहळू ठिसूळ करतात. नायलॉनची मुदत एक हंगाम समजावी व नारळी पौर्णिमेच्या सुमारास तो बदलावा. ब्रेड वर्षानुवर्षे टिकते. बाहेरचे टोक विसविशीत झाले की ती उलटी गुंडाळावी, म्हणजे आतापर्यंत पाणीही न पाहिलेले टोक कामावर रुजू होते.

अशा शिस्तीने वागणाऱ्याकडे अर्थातच तुकडे पुष्कळ जमतात. ते पाण्यात वा कांदळवनात टाकणे हा अपराधच होय, कारण नायलॉन कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकलेला फास पुढे कोणी सोडवत नाही. तेव्हा प्रत्येक तुकडा लहान-लहान कापून डबीत भरावा आणि ती डबी घरच्या कचऱ्यात रिकामी करावी. दोरी निवडण्याची जबाबदारी ज्याने घेतली, तिच्या शेवटच्या वितीची विल्हेवाटही त्याच्याच माथी आहे.