नाव नवे, जिल्हा तोच!

निवृत्तीनंतर साताऱ्यात मी पायथॉन शिकू लागलो. दोन जिल्ह्यांतल्या वाचनालयांना पुस्तके पाठवायची होती. सगळे तालुके एका यादीत घालून तिला ‘सातारा’ म्हटले. ‘सांगली = सातारा’ लिहिले; वाटले, झाली नक्कल! सांगलीतून कऱ्हाड खोडले, तर ते साताऱ्यातूनही गेले. कऱ्हाडकर पुस्तकांना मुकलेच असते.

चूक इतिहासाने समजावली. 1949 साली साताऱ्याचे काही तालुके आणि विलीन संस्थाने मिळून दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. 1960 साली त्याचेच नाव सांगली पडले. पायथॉनमधले बरोबरचे चिन्ह 1960 सारखे: नाव नवे, वस्तू तीच. 1949 सारखी वेगळी यादी हवी, तर ‘कॉपी’ असे स्पष्ट सांगावे लागते. बारसे म्हणजे जन्म नव्हे, वाचकहो!